आईच्या गुडघ्याला घरी मोक्सा: मिनिटं किती हा प्रश्न नंतरचा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. आईचं वय ६४, दोन्ही गुडघे दुखतात, नाशिकच्या थंडीत जास्तच, शुगर बऱ्याच वर्षांची. एका क्लिनिकमध्ये अॅक्युपंक्चरच्या नीडल्स आणि मोक्सा (सुकवून कुटलेल्या पानांचा कापूस जाळून त्याचा शेक देतात तो) घेतला, बरं वाटलं, पण रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून तुम्ही मोक्साच्या कांड्या आणि जळता तुकडा आत ठेवून पट्ट्याने बांधायची डबी ऑनलाइन मागवली. डबी गुडघ्याखाली बांधून मालिका संपेपर्यंत, म्हणजे पाऊण तास ठेवली आणि रात्री कपडे बदलताना बघितलं तर रुपयाएवढा फोड. आता तुम्हाला हवंय ते असं: रोज किती मिनिटं, किती अंतरावरून, फोडाला काय लावायचं, धुराचं काय करायचं कारण वडील खोकतात, आणि व्हॉट्सअॅपवर कुणीतरी सांगितलं की फोड आला म्हणजे आतली थंडी बाहेर पडली, ते खरं का. वर गरोदर बहिणीचं पोटातलं बाळ पायाळू आहे, म्हणजे डोकं वर आहे, तिलाही हीच कांडी चालते असं वाचलंय, ते एक.

आता गंमत अशी की तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. आईला त्या वेळी काहीच जाणवलं नाही, हे. माझ्यासाठी अख्खा प्रश्न तिथेच आहे. मिनिटं आणि सेंटिमीटर मी सांगते पुढे, पण मोक्साचा डोस घड्याळावर ठरत नाहीच, तो ठरतो पेशंट "आता चटका बसतोय" म्हणतो त्यावर. ते सांगणारं कुणी नसेल तर दहा मिनिटंही जास्त आणि पाच मिनिटंही जास्त. त्यामुळे आत्ता लगेच काय करायचं तर कांड्या बाजूला ठेवा, डबी तर बंदच, आणि आधी फोडाकडे बघा.

फोड फोडू नका. सुईने तर अजिबात नाही, "नीट निर्जंतुक करून" सुद्धा नाही. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकं धुवा, कोरडं करा, वर न चिकटणारं ड्रेसिंग लावा, मेडिकलमध्ये मिळतं. टूथपेस्ट, हळद-तेल, तूप, बर्फ काही नको. (भाजल्या भाजल्या असतं तर वीस मिनिटं नळाखाली धरायला सांगितलं असतं, आता ती वेळ गेली.) आणि काकूंना, म्हणजे तुमच्या आईला, शुगर आहे, जखम पायाला आहे, म्हणून उद्याच फॅमिली डॉक्टरांना दाखवा, दुखत नसलं तरी दाखवा, किंबहुना दुखत नाहीये म्हणूनच दाखवा. भोवतीची लाली पसरायला लागली, पू दिसला, ताप आला, पाय सुजला तर उद्याची वाटही बघायची नाही.

आता काहीच का जाणवलं नाही. मला तीन शक्यता दिसतात आणि तुमच्या घरी कुठली आहे ते इथून सांगता येणार नाही.

पहिली म्हणजे नसा. जुन्या शुगरमध्ये पायाची जाणीव बोटांपासून कमी व्हायला लागते आणि हळूहळू वर चढत येते, साधारण गुडघ्यापर्यंत पोचते तेव्हा हाताच्या बोटांमध्येही मुंग्या-बधिरपणा सुरू झालेला असतो. त्यामुळे काकूंना विचारा, चप्पल पायातून निसटली तर कळतं का, फरशी गार लागते का, रात्री तळपायाची आग होते का, शर्टाचं बटण लावताना बोटं चाचपडतात का. पण नुसतं विचारून भागत नाही कारण बऱ्याच जणांना स्वतःचा बधिरपणा माहीतच नसतो. डॉक्टरांकडे एक नायलॉनचा बारीक धागा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात, तो तळपायावर ठिकठिकाणी टेकवून वाकेपर्यंत दाबतात, १० ग्रॅमचा दाब पडतो, डोळे मिटून पेशंटने सांगायचं लागलं का. आणि कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्याच्या हाडावर ठेवून बघतात. दहा मिनिटांचं काम आहे, ते करून घ्याच, मोक्सा करा न करा.

दुसरी शक्यता, काकूंना जाणवलं होतं पण बोलल्या नाहीत. हसू नका, ही शक्यता मी माझ्या अॅक्युपंक्चरच्या क्लिनिकमध्ये रोज बघते. आपल्याकडच्या साठीच्या पुढच्या बायका सोसतात, "एवढं आणलंय पोराने, थोडं गरम लागणारच की" असं मनात म्हणून गप्प बसतात, आणि जितका जास्त चटका तितका जास्त गुण हा समज तर पक्का डोक्यात असतो. माझ्याकडे नवीन पेशंट आला की मी पहिल्यांदाच सांगते की सहन करायचे मार्क नाहीत इथे. तरी दर मिनिटाला विचारावं लागतं, आणि "ठीक आहे ना?" असं विचारून उपयोग नाही कारण त्याला उत्तर कायम "हो हो ठीक आहे" येतं. मी विचारते "कोमट, गरम का चटका?", मग एक शब्द निवडावाच लागतो.

तिसरी शक्यता डबीची. त्वचा भाजायला एकदम जाळ लागत नाही. ६० अंशाला काही सेकंद पुरतात, ४४ अंशाला काही तास लागतात, आणि मधल्या सगळ्या तापमानांना मधला वेळ. डबीत कांडीचा तुकडा हळूहळू जळत जातो, डबी स्वतः तापते, पट्टा घट्ट असेल तर हवा खेळत नाही, आणि माणसाला ती उष्णता सवयीची होत जाते, एकदम "आई गं" असं होत नाहीच. त्यात मालिका चालू. धडधाकट माणसाचंही असं भाजतं. म्हणून त्या डब्या माझ्या मताने घरी वापरायची वस्तूच नाही, ज्याला शुगर आहे त्याच्यासाठी तर मुळीच नाही, मग जाहिरातीत काही का लिहिलेलं असेना.

हे तिन्ही एकत्रही असू शकतं हे लक्षात ठेवा.

पुढचा प्रश्न फोडाने थंडी बाहेर पडते का. नाही. पण हे कुठून आलं ते सांगते, कारण ते अगदी हवेतून आलेलं नाही. चीनमध्ये जुन्या काळी मोक्सा म्हणजे बहुतेक वेळा थेट त्वचेवर जाळायचा प्रकार होता. छांगशाजवळ मावांगदुई इथे थडगी सापडली, त्यातलं एक इ.स.पू. १६८ चं, त्यात १९७३ साली रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर मिळाले आणि त्यातल्या शरीरातल्या अकरा वाहिन्यांबद्दलच्या मजकुरात उपचार म्हणून फक्त मोक्सा आहे, सुयांचा उल्लेखच नाही. तर हा उपचार इतका जुना. पुढे मुद्दाम फोड आणायचा, तो पिकू द्यायचा, व्रण राहू द्यायचा ही एक पद्धतच झाली, आणि फोड पिकला नाही तर गुण येणार नाही असं मानायचे. चीनच्या सोंग राजवटीतलं एक चित्र आहे, ली तांग या चित्रकाराच्या नावावर, तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात असतं, त्यात खेड्यातला वैद्य एका माणसाच्या पाठीवर मोक्सा जाळतोय आणि दोघं-तिघं त्याला धरून बसलेत, तो बोंबलतोय. ते चित्र बघितलं की हौस फिटते. आजही चीनमध्ये काही ठिकाणी दम्यासाठी वगैरे व्रणाची पद्धत करतात, पण ती वैद्य ठरवून, पेशंटची परवानगी घेऊन, नंतर जखमेची रोज देखभाल करून. तुमच्या ग्रुपवरच्या माणसाने त्यातला अर्धा भाग ऐकलाय. पट्टा बांधून चुकून आलेला फोड म्हणजे भाजलंय, इतकंच. आणि काकू "हे म्हणजे डागणंच की" म्हणाल्या असं तुम्ही लिहिलंय, तर त्या जुन्या पद्धतीबद्दल त्या बरोबर बोलल्या, आपल्याकडेही डाग द्यायची पद्धत आहे, आयुर्वेदात अग्निकर्म आहे. पण आज क्लिनिकमध्ये जो मोक्सा करतात त्यात त्वचा गुलाबी व्हायला हवी, बस्स.

आता खरा मोक्साचा विषय. तुम्ही मागवलेल्या कांडीत जे आहे ते दवण्याच्याच भाईबंदातल्या एका झाडाची पानं. दवणा म्हणजे जोतिबाला चैत्रात वाहतो तो, त्याचीच चुलत जात, चीनमध्ये तिला आय म्हणतात. पानं सुकवून, कुटून, चाळून त्यातला देठ-धूळ काढतात आणि मागे उरतो तो लोकरीसारखा कापूस. हूबेई प्रांतातला छीछुन हा भाग त्याच्यासाठी नावाजलेला (तिथलाच ली शीचेन, चिनी औषधींचा मोठा अभ्यासक, १६ व्या शतकातला), आणि हनान प्रांतातल्या नानयांगमधून आज प्रचंड माल निघतो. जितकी जास्त पानं कुटून कमी कापूस काढला तितका तो स्वच्छ आणि सोनेरी, पाकिटावर ३:१, १५:१, ३०:१ असे आकडे असतात ते हेच. आणि माल जुना चांगला, तीन वर्षांचा म्हणतात, कारण ताज्या पानातलं तेल जास्त असतं आणि ते भडकून जळतं. गुडघ्याला शेक द्यायला ३०:१ ची काही गरज नसते, तो त्वचेवर तांदळाच्या दाण्याएवढे शंकू जाळणाऱ्यांसाठी. पण अगदी स्वस्तातली कांडी घेऊ नका, तिच्यात काड्या असतात, जळताना ठिणगी उडते, राख काळपट आणि भुगा होऊन पडते. चांगल्या कांडीची राख करडी-पांढरी, टोकाला धरून राहते आणि टिचकी मारली की एक तुकडा सुटून पडतो.

एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगते, ही झाडं सूर्यफुलाच्या कुळातली आहेत आणि आपलं कुप्रसिद्ध गाजर गवतही त्याच कुळातलं. घरात कुणाला गाजर गवताने अंगावर पुरळ उठत असेल, शिंका-दमा होत असेल तर मोक्साच्या कापसापासून आणि धुरापासून लांबच राहिलेलं बरं.

बरं, गुडघ्याला मोक्सा द्यावा का नाही हे मी कसं ठरवते. चिनी वैद्यकात सांधेदुखीचे प्रकार पाडतात, त्यातले मोक्साच्या दृष्टीने दोन महत्त्वाचे: गार आणि गरम. गार गुडघा म्हणजे थंडीत-पावसात वाढणारा, गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटणारा, सकाळी आखडलेला आणि थोडं चाललं की मोकळा होणारा. जीभ फिकी, वर पांढरा थर. गरम गुडघा म्हणजे सुजलेला, लालसर, हात लावला की उष्ण, रात्री ठणकणारा, जीभ लाल. गरम गुडघ्याला मोक्सा देत नाहीत, आगीत तेल ओतायचा प्रकार होतो तो.

हाताने बघायची एक साधी रीत आहे, घरीही करता येते. काकूंना पाय पसरून बसवा, साडी-गाऊन वर घेऊन पाच मिनिटं पाय उघडेच ठेवा, मग तुमच्या तळहाताची मागची बाजू आधी नडगीवर, मग गुडघ्याच्या वाटीवर, मग मांडीवर अशी फिरवा. निरोगी गुडघ्याची वाटी नडगीपेक्षा आणि मांडीपेक्षा गार लागते. वाटी नडगीएवढीच गरम किंवा तिच्यापेक्षा गरम लागली तर आत सूज आहे, तिथे मोक्सा नको, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवायला हवं. दोन्ही गुडघ्यांमध्ये फरक लागला तर तेही सांगा त्यांना. मी हे प्रत्येक वेळी करते, मागच्या वेळी केलं होतं म्हणून आज सोडलं असं नाही, कारण गुडघा आठवड्यात बदलतो.

आता समजा डॉक्टरांनी तपासलं, जाणीव चांगली आहे म्हणाले, फोड पूर्ण भरला, नवी कातडी घट्ट झाली, गुडघा गार प्रकारातला आहे. तर मग घरी करायला माझी हरकत नाही, पण असं.

कांडी हातात धरायची, बांधायची नाही. देणारा माणूस समोर बसलेला, टीव्ही बंद. कांडीचं टोक सगळीकडून नीट लाल झालं की फुंकर मारून बघायचं, एका बाजूनेच पेटली असेल तर तिरकी जळते आणि तुकडा पडतो. जागा तीन पुरतात. गुडघा थोडा वाकवला की वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतात, त्या दोन जागा, आणि तिसरी बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या हाडाच्या एक बोट बाहेर. हिला त्सूसानली म्हणतात, आमच्या पुस्तकात स्टमक ३६, मोक्सासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा असेल ही. चार बोटं काकूंची मोजायची, तुमची नाही.

कांडी त्वचेपासून तीन सेंटिमीटरवर, साधारण दोन बोटं. दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट त्या जागेच्या दोन्ही बाजूंना त्वचेवर टेकवून ठेवायची. हे सोडायचं नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, ज्यांना सांगता येत नाही अशांसाठी ही जुनी रीत आहे, म्हणजे त्यांच्या त्वचेला जे लागतंय ते तुमच्या बोटांनाही लागतं. तुमच्या बोटांना गरम झालं की कांडी वर उचलायची, त्यांनी काही म्हणो न म्हणो. कांडी एका जागी धरून बसण्यापेक्षा छोटे गोल फिरवत राहिलात तर घरी जास्त सुरक्षित. चिमणी दाणे टिपते तशी वर-खाली करायचीही पद्धत आहे पण त्यात नवशिक्याचा हात चुकून टेकतो, ती सोडा. दर मिनिट-दोन मिनिटांनी राख ताटलीत झटकायची, अंगावरून लांब नेऊन, कारण भाजण्याचं सगळ्यात साधं कारण पडलेली राखच असते.

एका जागेला तीन-चार मिनिटं, एका गुडघ्याला दहा-बारा मिनिटं झाली. घड्याळाआधी त्वचा बघायची. आधी एक फिकट गुलाबी गोल उमटतो, मग कडा पसरते आणि मध्ये थोडी ओलसर झाक येते. तिथे थांबायचं. लाल ठिपके दिसायला लागले, पांढरट चट्टा आला, काकू पाय आवरून घ्यायला लागल्या तर आधीच उशीर झालाय. एक दिवसाआड, तीन-चार आठवडे करा, आणि फरक नाही पडला तर उगीच चालू ठेवू नका. उपाशीपोटी नको, ताप असताना नको. करून झाल्यावर लगेच पंख्याखाली बसू नये म्हणतात, ते पाळायला काही जात नाही.

आणि जाणीव कमी आहे असं निघालं तर? तर पायाला घरी मोक्सा नाही. तुम्ही म्हणाल मग हॉट वॉटर बॅग, पण तीच अडचण आहे, इलेक्ट्रिक पॅडचीही तीच, गरम पाण्याच्या टबात पाय बुडवण्याची तर सगळ्यात जास्त. शुगरवाल्यांचे पाय भाजतात ते बहुतेक अशाच घरगुती शेकाने. उबदार नी-कॅप घाला, लोकरीची घाला, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम कुणा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, गुडघ्याच्या झिजेला व्यायाम आणि वजन कमी करणं याला तोड नाही, हे मी अॅक्युपंक्चरवाली असूनही सांगते. क्लिनिकमध्ये अशा पेशंटला मी कधी कधी कमरेवर देते जिथे जाणीव शाबूत असते, कधी आल्याची दोन-तीन मिलिमीटरची चकती मध्ये ठेवून, पण ते माझी बोटं तिथे असताना, घरी नाही.

गुण किती येतो हेही विचारलंयत. खरं सांगायचं तर गुडघ्याच्या झिजेवर मोक्साचे बरेच अभ्यास झालेत, बहुतेक चीनमध्ये, दुखणं काही आठवडे कमी होतं असं त्यात दिसतं, पण खोटा मोक्सा करणं अवघड असतं, पेशंटला कळतंच की गरम लागतंय का नाही, त्यामुळे त्यातला किती भाग मोक्साचा, किती नुसत्या शेकाचा आणि किती कुणीतरी वीस मिनिटं लक्ष देऊन बसतंय याचा हे वेगळं काढता येत नाही. माझा अनुभव असा की गार गुडघ्यात काही दिवस चांगले जातात, जिना सोपा होतो, आणि तेवढ्यात व्यायाम सुरू केला तर फायदा टिकतो. झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) परत येत नाही. असं सांगणारा भेटला तर उठून या.

धूर. वडील खोकतायत तर मोक्सा त्यांच्या खोलीत नकोच. मोक्साचा धूर म्हणजे औषधी धूर म्हणून चांगला, असं नका समजू, त्यात बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, कुठल्याही जळणाऱ्या पानात असतो तसा. नानजिंगला शिकायला होते तेव्हा तिथल्या हॉस्पिटलात मोक्साच्या खोलीत प्रत्येक पलंगावर धूर ओढणारा जाड पाइप लोंबत होता, बेडवर झोपलेल्या माणसाच्या बरोबर वर, आणि तरीही संध्याकाळपर्यंत आमच्या ऍप्रनला वास येत होता. घरी म्हणजे खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, एसी बंद, दमेकरी आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. बिनधुराच्या कोळशासारख्या काळ्या कांड्या मिळतात, त्यांचा वास-धूर कमी असतो हे खरं, पण त्या पेटायला वेळ लावतात आणि पेटल्या की जास्त तापतात, म्हणून अंतर वाढवावं लागतं, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यांच्यातूनही येतोच, बंद खोलीत त्याही नाहीत.

विझवणं हे कुणी सांगत नाही. कांडी चेपून विझत नाही, आत निखारा राहतो आणि अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून धूर येतो. एका जाड काचेच्या बरणीत कोरडी वाळू किंवा तांदूळ भरा, जळतं टोक त्यात खोल खुपसा, हवा लागू देऊ नका. पाण्यात बुडवली तर ती कांडी परत कामाची राहत नाही. सकाळी टोक हाताला गार लागल्याशिवाय कपाटात ठेवायची नाही.

थोडक्यात काकूंसाठी क्रम असा: आधी फोड आणि डॉक्टर, मग पायाची जाणीव तपासणं, मग गुडघा गार का गरम, हे तिन्ही जमलं तर हातात कांडी धरून, बोटं टेकवून, दहा मिनिटं.

बहिणीचं. हो, बाळ पायाळू असेल तर पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याला मोक्सा देतात, जुनी पद्धत आहे आणि तिच्यावर खरोखरच बऱ्यापैकी अभ्यास आहे. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये चीनच्या जियांगशी प्रांतातला एक अभ्यास आला होता, पहिलटकरीण २६० बायका, ३३ वा आठवडा, निम्म्यांना मोक्सा आणि निम्म्यांना नाही. ३५ व्या आठवड्यात मोक्साच्या गटात सुमारे ७५ टक्के बाळांचं डोकं खाली आलेलं, दुसऱ्या गटात सुमारे ४८ टक्के. म्हणजे काहीच न करताही निम्मी फिरलीच, हे लक्षात घ्या. नंतर युरोपात झालेल्या काही अभ्यासांत इतका फरक दिसला नाही, पण सगळे एकत्र करून बघणारे आढावे नेहमीच्या काळजीसोबत मोक्साचा बहुधा फायदा होतो असंच म्हणतात. तर वेळ असते ३३-३४ व्या आठवड्याच्या आसपास, नंतर बाळाला फिरायला जागा उरत नाही. पण आधी तिच्या गायनॅक डॉक्टरांना विचारायचं: वार खाली आहे का, जुळं आहे का, आधीचं सिझर आहे का, रक्त जातंय का, बीपी वाढलंय का, पाणी कमी आहे का. यातलं काही असेल तर मोक्सा नाही. नसेल तर पहिल्या एक-दोन वेळा अॅक्युपंक्चर करणाऱ्याकडे जाऊन जागा आणि अंतर शिकून मग नवऱ्याने घरी दिलं तरी चालतं, खिडकी उघडी ठेवून. पोटावर किंवा कमरेवर गरोदरपणात मोक्सा देत नाहीत, फक्त करंगळी. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, दुखायला लागलं, रक्त-पाणी गेलं तर थांबवून सरळ हॉस्पिटल.

करणारा माणूस कसा निवडायचा असंही खाली एकाने विचारलंय. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि महाराष्ट्र अॅक्युपंक्चर कौन्सिलकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. त्यापेक्षाही, पहिल्या दिवशी बघा की पायाला हात लावायच्या आधी त्याने शुगरबद्दल विचारलं का, आणि मोक्सा लावून तो दुसऱ्या पेशंटकडे निघून जातो का. जात असेल तर नोंदणी असली तरी दुसरा शोधा.

तुमच्याकडच्या कांड्या फेकू नका, हवाबंद पिशवीत कोरड्या जागी ठेवल्या तर वर्षभराने खराब होत नाहीत, आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरते तेवढं सांभाळा. डबी मात्र टाकून द्या. तपासणीत काय निघालं ते इथेच लिहा, जाणीव शाबूत निघाली तरच पुढचं सांगते.